उतारावरचं सैन्य

पत्र येऊन चार वर्षं झाली होती. ते इतकं लहान होतं की खाडाखोडेंना ते पाठ करायची गरजच पडली नाही. एकदा वाचलं आणि ते आत जाऊन बसलं, उठायचं नावच घेईना.

‘खाडाखोडे,
ती गेली. मंगळवारी दुपारी. त्रास झाला नाही.
मी उतारावरचं सैन्य मागे घेतलं आहे.
तुझी चाल.
– पेन्सिल’

खाडाखोडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एका जुन्या छापखान्यात त्यांनी अडतीस वर्षं मुद्रितं तपासली. पुस्तक छापायच्या आधी कच्च्या कागदावर लाल शाईने चुका शोधायच्या, एवढंच काम. पण ते त्यांनी असं जीव ओतून केलं की शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी त्यांना हे नाव चिकटवलं, आणि निवृत्तीच्या दिवशी मालकांनी भाषणातसुद्धा तेच घेतलं. खरं आडनाव त्यांना आठवेना. खाडाखोडेंनीही आठवण करून दिली नाही. चारचौघांत उठून बोलायचं म्हटलं की त्यांच्या पाचावर धारण बसायची.

पेन्सिल रस्त्यापलीकडच्या मोजणी कचेरीत नकाशे काढायचा. अंगाने काडी, आणि कानावर कायम एक टोकदार पेन्सिल. त्याचे नकाशे ह्याच छापखान्यात छापले जायचे. एकदा एका नकाशातली नदी, प्रवाहाची दिशा दाखवणाऱ्या बाणाप्रमाणे पाहिली तर, चक्क डोंगर चढत होती. खाडाखोडेंनी ती लाल शाईने खाली उतरवली. पेन्सिल तणतणत भांडायला आला, नकाशा पाहिला, गप्प झाला, आणि म्हणाला, “डबा आणलाय का तुम्ही? मी माझा इथेच घेऊन येतो.”

तेव्हापासून मधल्या सुट्टीत दोघं एकत्र बसू लागले, आणि दोन हुशार रिकामी माणसं एकत्र बसली की जे होतं ते झालं. पेन्सिलने नकाशे गिरवायच्या कापडावर एक प्राचीन मुलूख काढला: दोन नद्या, एक वाळवंट, तीन खिंडी आणि बारा राज्यं. खाडाखोडेंनी नियम लिहिले. एकतीस नियम, आणि त्यांची चार मुद्रितं काढून चारही वेळा तपासली. सोंगट्या म्हणून छापखान्यातले झिजलेले शिशाचे खिळे. मथळ्याची जाडजूड अक्षरं म्हणजे पेन्सिलचं सैन्य. खाडाखोडेंचे भालाईत म्हणजे तीन स्वल्पविराम. उद्गारचिन्ह हा सेनापती. प्रश्नचिन्ह हा दूत.

खाडाखोडे दर डावाला एकच राज्य घ्यायचे, नकाशाच्या कोपऱ्यातली दलदल. एक गाव, तीन स्वल्पविराम, ना घोडा ना हत्ती.

“अहो, एखाद वेळी मोठं घ्या की,” पेन्सिल म्हणायचा.

“नको. मोठं राज्य हरलं की लोक हसतात. लहान हरलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.”

संध्याकाळी डाव अर्धा राहिला तर तो पेन्सिलच्या घरी पुरा व्हायचा, आणि तिथे न्यायाधीश असायच्या वहिनी, पेन्सिलची बायको. चहाचे कप ठेवता ठेवता त्या दोघांचं भांडण ऐकून निकाल द्यायच्या. एकदा खाडाखोडे दोन दिवस तोंड फुगवून बसले, तेव्हा बत्तिसावा नियम वहिनींनी सांगितला: ‘रुसून बसेल त्याची एक चाल जाईल.’ ह्या एका नियमाचं मुद्रित कोणी तपासलं नाही.

पुढे पेन्सिल मुलाच्या गावी राहायला गेला. एव्हाना दोघं अरे-तुरेवर आले होते. जाताना त्याने कापडाची दुसरी प्रत काढून दिली, आणि डाव टपालाने सुरू राहिला. एका पत्रात एक चाल. अकरा वर्षं. टपालासाठी खाडाखोडेंनी नियमांच्या वहीत, पहिल्या पानावर सगळ्यांच्या वर, एक नवा नियम लिहिला होता, ‘ज्याची चाल नाही त्याने पत्र लिहू नये’, आणि दोघांनी तो एकदाही मोडला नव्हता.

आणि मग ते पत्र आलं.

उत्तर लिहायला खाडाखोडे त्याच दिवशी बसले होते, हे सांगितलं पाहिजे. पहिली ओळ लिहिली आणि तिच्याकडे पाहिलं, तर ती वर्तमानपत्रातल्या छापील शोकासारखी दिसत होती. खोडली. दुसरी लिहिली, ती फार गोड झाली. तिसरी कोरडी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांत खोट काढलेल्या माणसाला आपलं एक वाक्य धड दिसेना. आठवड्याने लिहावं म्हटलं, तर आधी उशिराची माफी मागावी लागणार. महिन्याने माफी एका परिच्छेदाची झाली. वर्षाने ती दोन पानांची झाली आणि वहिनी तिसऱ्या पानावर गेल्या. तेव्हा त्यांनी लाजेने लेखणी खाली ठेवली.

शिवाय ती चाल. उतार म्हणजे नदी जिथे पायी ओलांडता येते ती जागा. दलदल आणि पेन्सिलचं राज्य ह्यांच्यामध्ये तो एकच उतार होता, आणि वर्षानुवर्षं त्यावर मथळ्याची दोन अक्षरं पहारा देत उभी होती. आता उतार मोकळा, तिथून राजधानी दोन चालींवर. खाडाखोडेंना वाटलं, दुःखात माणसाचं लक्ष राहिलं नाही, चूक झाली. आता बायको गेलेल्या मित्राची राजधानी घ्यायची? की न घेऊन त्याच्यावर दया दाखवायची? की ‘तुझी चाल चुकली’ असं लाल शाईने कळवायचं? तिन्हींतलं काहीही केलं तरी तोंड काळंच. त्यांनी काहीच केलं नाही. कापड, खिळे आणि पत्र पत्र्याच्या डब्यात घातले, डबा कपाटावर ठेवला. कपाटाकडे पाठ करून बसायची सवयही हळूहळू लागली.

* * *

भाची आली ती पायाला प्लास्टर घालून. ती दातांच्या कवळ्या बनवायची. कारखान्यात मेणाच्या सांडलेल्या थेंबावरून घसरली आणि घोटा मोडला. स्वतःचं घर चौथ्या मजल्यावर, तिथे लिफ्ट नाही. मामाचं घर तळमजल्यावर आणि मामा एकटा. “सहा आठवडे,” ती कुबड्या दाराला टेकवत म्हणाली. “मी बोलले तर ऐकायचं नाही, नाही बोलले तर विचारायचं नाही. आणि ते टेबल मला लागेल.”

टेबलावर संगणक आला. दुसऱ्या दिवशी दुपारी खाडाखोडे चहाचा कप ठेवायला गेले आणि तिथेच थबकले. पडद्यावर एक प्राचीन मुलूख पसरला होता. नद्या, वाळवंट, खिंडी. तटबंद्या चिंचोक्याएवढ्या, आणि त्यांच्यामधून मुंग्यांसारखी सैन्यं चाललेली.

“हे काय गं?”

“खेळ. जुन्या काळातली राज्यं. मी निळी आहे. ही पिवळी मंडळी मला छळतायत, त्यांना आज आडवं करणार.”

“ह्या खालच्या मजकुरात तीन चुका आहेत.”

“मामा, तिथे युद्ध चाललंय!”

तीन दिवस ते तिच्या मागे उभे राहून पाहत होते. चौथ्या दिवशी भाचीने खुर्ची सरकवली. “मानेवर तुझा श्वास येतो. त्यापेक्षा बस आणि खेळ. कोणतं राज्य हवं?”

यादीत अठरा राज्यं होती. खाडाखोडेंचं बोट आपोआप तळाशी गेलं. लव्हाळवासी. नदीकाठच्या पाणथळीतलं एक गाव, दोनशे भालाईत, लव्हाळ्याच्या होड्या. पुढे तांबड्या अक्षरांत इशारा होता: ‘अत्यंत कठीण. नवख्यांसाठी नाही.’

“हे नको रे. ह्यांना कोणी घेत नाही. ही लोकं फक्त दुसऱ्यांनी जिंकायला ठेवलीयेत.”

“मला हेच हवंय.”

“अरे, अकरा फेऱ्यांत मरशील.”

नवव्या फेरीत मेले. उत्तरेकडून काळे घोडेस्वार आले आणि लव्हाळवासी नकाशावरून पुसले गेले. भाची इतकी हसली की प्लास्टरच्या आत खाज सुटली आणि विणायची सुई शोधावी लागली.

दुसऱ्या वेळी खाडाखोडेंनी तटबंदी बांधली. मग तिच्याभोवती दुसरी बांधली. चाळीस फेऱ्या ते आत दार लावून बसले, आणि बाहेर शेतं जळाल्यामुळे आतले लोक उपासमारीने गेले.

“तुझा राजा घरकोंबडा आहे,” भाची म्हणाली. “चाळीस फेऱ्या! एकदा खिडकीतूनसुद्धा डोकावला नाही. शेजारच्यांना माहीत तरी आहे का इथे कोणी राहतं?”

“शेजारी तांबडे आहेत. त्यांचं सैन्य बघ, पहिल्यापासून उतारावर उभं आहे. दूत पाठवून पाहिला मी.”

खरंच पाहिला होता. पडद्यावर अक्षरं उमटली होती, ‘उतारावर परके सैन्य आहे. दूत पार जाऊ शकत नाही.’ ते वाचून खाडाखोडेंना मनातून जरा बरंच वाटलं होतं. प्रयत्न केला, जमलं नाही, आता कोणी बोल लावणार नाही.

तिसऱ्या डावात मात्र नवल घडलं. विसाव्या फेरीला तांबडं सैन्य उतारावरून उठलं आणि मागे डोंगरात गेलं. खाडाखोडेंच्या अंगात कुठून वारं शिरलं कोण जाणे. त्यांनी दोनशेच्या दोनशे भालाईत उतारावर नेऊन उभे केले. पुढल्या फेरीला तांबडे परत आले. लढाई कसली, झाडू मारला म्हणायचा.

खाडाखोडेंनी उंदरावरचा हात काढून घेतला. हा उंदीर म्हणजे संगणकाचा, पण त्यांच्या हाताखाली तोही बिचारा घाबरलेला वाटायचा.

“मामा,” भाचीने जरा नरमाईने विचारलं, “तू हे का केलंस? चांगला शहाणा आहेस, पुस्तकं वाचतोस. आपण दोनशे, ते सहा हजार.”

“मला वाटलं त्यांची चूक झाली. संधी होती.”

“आणि चूक नसेल तर?”

खाडाखोडे उठून चहा करायला गेले, आणि दूध उतू गेलं तरी तिथेच उभे राहिले.

* * *

चौथ्या डावाआधी खाडाखोडेंनी दोन दुपारी नुसती माहिती वाचून काढली. कोणत्या महिन्यात पाणथळीत पूर येतो, घोड्यांना चिखल का सोसत नाही, लव्हाळ्याची होडी किती माणसं नेते. टिपणं काढली, समासात खुणा केल्या. भाचीच्या भाषेत, राजाने अभ्यासाला सुट्टी काढली. पण डाव सुरू झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ह्या वेळी गोष्ट वेगळी आहे. काळे घोडेस्वार आले तेव्हा लव्हाळवासी तटबंदीत नव्हतेच. होड्यांत बसून लव्हाळ्यात दडले होते. घोडे चिखलात फसले. रिकाम्या गावाला आग लावून स्वार निघून गेले, आणि पंधरा दिवसांत गाव पुन्हा उभं राहिलं.

“अरे वा!” भाचीने कुबडी जमिनीवर आपटली. “घरकोंबडा पोहायला शिकला!”

“अजून काही नाही,” खाडाखोडे म्हणाले. “ते परत येतील, तेव्हा दुप्पट असतील. एकट्याने नाही निभणार.” पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते त्यांना आवडत होतं.

विसावी फेरी. तांबडं सैन्य उतारावरून उठलं आणि डोंगरात गेलं.

खाडाखोडेंचा हात जागच्या जागी राहिला. “मी ह्या वेळी जागचा हलणार नाही. फसवताहेत.”

“कोण फसवतंय? नीट बघ ना. त्यांच्या उत्तरेलाही तेच घोडेस्वार आहेत. त्यांनाही कोणीतरी हवंय.”

“मग दूत का नाही पाठवला त्यांनी?”

“मोठे आहेत, त्यांना कमीपणा वाटत असेल. मामा, सोपं आहे रे. सैन्य उभं असताना कोणी बोलायला येत नाही. ज्याला बोलायचं असतं तो आधी आपलं सैन्य काढून घेतो. वाट मोकळी केलीय त्यांनी तुझ्यासाठी. पाठव आता दूत, का लिहून देऊ?”

खाडाखोडेंनी दूत पाठवला. लव्हाळ्याचा झगा घातलेलं एक इवलंसं चित्र काठी टेकत उतारापाशी आलं, पाण्यात शिरलं आणि पलीकडे चढलं. कोणी अडवलं नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘तांबडे राज्य आपल्या दूताचे स्वागत करते. आम्ही वाट पाहत होतो.’

भाचीने टाळी वाजवली आणि मामाकडे वळली. मामा खुर्चीत नव्हते. ते स्टुलावर चढून कपाटावरचा पत्र्याचा डबा काढत होते, आणि स्टूल डुगडुगत होतं.

“पडशील! घरात एक प्लास्टर पुरे आहे!”

डबा टेबलावर आला. धुळीत झाकणाचा आकार उमटला. खाडाखोडेंनी कापड बाजूला सारलं आणि खालून नियमांची वही काढली. पानं भराभर उलटली. सतरावा नियम त्यांनी मोठ्याने वाचला.

“‘उतारावर सैन्य उभे असेल तर दूताला पार जाता येणार नाही. ज्याला बोलणी हवी असतील त्याने आधी आपले सैन्य मागे घ्यावे.’”

“बघ, हेच तर मी म्हटलं,” भाची म्हणाली. “कोणी लिहिलंय?”

“मी.”

पडद्यावरचे तांबडे लोक उत्तराची वाट पाहत उभे होते. खाडाखोडेंनी डब्यातून प्रश्नचिन्हाचा खिळा काढून तळहातावर ठेवला. बाकीचे खिळे हाताळून काळे-गुळगुळीत झाले होते; हा तेवढा अजून कडक, कोपरे शाबूत. तीस वर्षांत दलदलीने एकदाही दूत पाठवला नव्हता. त्यामुळे नियम लिहिणाराच नियम विसरला होता. पेन्सिल विसरला नव्हता.

मग त्यांनी भाचीला पत्र दाखवलं. चार ओळी वाचायला तिला फार वेळ लागला.

“ह्याला काय उत्तर दिलंस?”

खाडाखोडेंनी डब्याच्या तळातला गठ्ठा पुढे केला. एकतीस मसुदे, प्रत्येक लाल शाईने रक्तबंबाळ. तिने दोन वाचले, तिसरा अर्ध्यावर सोडला.

“मामा, ही पत्रं नाहीत. मुद्रितं आहेत.”

“मला वाटलं, त्याची चूक झाली चालीत. तीही दुरुस्त करत होतो मी, मनातल्या मनात.”

“आणि तो काय म्हणत होता? ‘ये’ म्हणत होता. त्या दिवशी त्याला बोलायला माणूस हवं होतं, आणि तुला सरळ ‘ये’ म्हटलं तर तू लाजून बिळात जाशील हे त्याला ठाऊक. म्हणून तुझ्याच नियमातून बोलला.” ती थांबली. मामाचं तोंड पाहून तिला आपलंच बोलणं जास्त झाल्यासारखं वाटलं. “मग लिही ना आता.”

“आता? चार वर्षांनी? कोणत्या तोंडाने? तो रागावला असेल. नंतर एकही पत्र नाही आलं त्याचं.”

भाचीने वही ओढून घेतली, पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि त्यांच्या नाकाखाली धरली. ‘ज्याची चाल नाही त्याने पत्र लिहू नये.’

“हाही तूच लिहिलास?”

“हो.”

“धन्य आहेस. दोन नियमांत मिळून तू त्या माणसाचं तोंड बांधून ठेवलंयस.”

खाडाखोडेंनी चष्मा काढून पुसला. खरी भीती अजून आत होती आणि ती बाहेर यायला वेळ लागला. “तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे,” ते शेवटी म्हणाले. “तो... नसला तर?”

भाची प्लास्टरवर नख घासत राहिली. “तर पत्र परत येईल,” ती म्हणाली. “आणि तेव्हा मी इथेच असेन, अजून चार आठवडे आहेत. पण तो असला, आणि तू नाहीच लिहिलंस, तर? तिकडे एक म्हातारा रिकाम्या उतारावर डोळे लावून बसलाय, मामा. त्याचं काय?”

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडाखोडेंनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि टेबलाशी बसले. लाल लेखणी खिशातून काढून त्यांनी भाचीच्या हातात दिली.

“ही धर. मागितली तरी देऊ नकोस.”

“पाया पडलास तरी नाही देणार.” तिने टोपण उघडलं आणि पाय स्टुलावर घेऊन प्लास्टरवर लव्हाळवाशांचा नकाशा काढायला सुरुवात केली.

खाडाखोडे लिहू लागले. दोनदा त्यांचा हात नकळत खिशाकडे गेला. भाची मान वर न करता म्हणाली, “अं हं.” तिसऱ्यांदा त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवला. एक शब्द दोनदा आला होता, एक ओळ वाकडी गेली होती. पान वाळायच्या आतच त्यांनी ते तिच्यापुढे सरकवलं, कारण स्वतः पुन्हा वाचलं असतं तर बत्तिसावा मसुदा झाला असता.

‘पेन्सिल,
सतराव्या नियमाचा अर्थ मला काल दुपारी कळला. नियम माझाच आहे, तेव्हा हसलास तरी चालेल.
वहिनींच्या नियमाप्रमाणे माझी एक चाल गेली. मी रुसलो नव्हतो, घाबरून बसलो होतो, पण बसलो होतो हे खरं, म्हणून ते त्यातच धर.
वहिनींबद्दल एकतीस पत्रं लिहिली आणि एकही पाठवलं नाही. त्या सगळ्यांत एकच वाक्य खरं होतं. त्या चहा घेऊन मध्ये आल्या नाहीत तर आपलं भांडण मिटायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.
दलदलीचा दूत सोबत येतो आहे. तो उतार ओलांडून तुझ्याकडे येतो आहे. ठेवून घे, नाहीतर निरोप देऊन परत पाठव. त्याच्या मागोमाग मीही यायला तयार आहे, तू सांगशील त्या दिवशी खरंच येईन.
तुझी चाल.
– खाडाखोडे’

भाचीने वाचलं. वाचून झाल्यावर तिने खिडकीबाहेर पाहिलं, मग प्लास्टरकडे. “‘येतो आहे’ दोनदा झालंय,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” खाडाखोडे म्हणाले. “राहू दे.”

“सरळ जा. वाटेत वाचायचं नाही.”

“चिकटवलंय मी पाकीट.”

“तुझा काय भरवसा, वाफ देऊन उघडशील.”

टपाल कचेरीत त्यांच्यापुढे चार माणसं होती. खाडाखोडेंना वाटलं, बरं झालं, गर्दी आहे, उद्या यावं. मग त्यांना उतार ओलांडून गेलेलं ते काठी टेकणारं चित्र आठवलं. त्यालाही पलीकडे काय आहे ते ठाऊक नव्हतं. ते रांगेतच राहिले. तीन माणसं झाली, दोन झाली, एक बाई पुष्कळ पाकिटं घेऊन उगाच भांडत राहिल्या, आणि मग खिडकी समोर आली.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट बोटांनी चाचपलं. “आत काय आहे? टोचतंय.”

“खिळा आहे.”

“खिळा?”

“छापखान्यातला. अक्षराचा असतो तो.” आणि मग, एरवी जो माणूस परक्याशी तिसरं वाक्य कधी बोलला नव्हता, तो म्हणाला, “मित्राला पाठवतोय. त्याला कळेल.”

“बरं.” बाईंनी तिकीट चिकटवलं. “घाईचं आहे का? चार दिवसांत जाईल साध्याने.”

खाडाखोडेंनी क्षणभर विचार केला. “साध्यानेच जाऊ द्या. आमच्याकडे सगळं साध्यानेच जातं.”

बाईंनी ठप्पा उचलला, शाईच्या गादीवर टेकवला आणि जोरात हाणला. पाकीट त्यांनी न पाहताच मागच्या पिशवीत टाकलं. आत तळाशी खिळ्याचा बारीकसा आवाज झाला.